चार महिने म्हणजे एक सत्र

मराठीतला ‘लस’ हा शब्द मोठा प्रांजळ आहे. जखमेतून पाझरणारा चिकट द्राव म्हणजे लस. इंग्रजीतले ‘व्हॅक्सीन’ लॅटिनमधल्या गाईपाशी जाऊन थांबते, कारण एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये गाईच्या देवीचा द्राव वापरला होता. तोच वारसा १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडापर्यंत पोहोचला आणि पुढे ‘देवी काढणे’ हा वाक्प्रचार आपल्या घराघरांत रुळला. या साऱ्या इतिहासात एक गोष्ट गृहीत आहे : लस टोचायची ती रोग होण्याआधी. त्यामुळे ‘झालेल्या कर्करोगावर लस’ हे शब्द प्रथम वाचनात आले तेव्हा ते आम्हाला वदतोव्याघातासारखे वाटले होते.

ते वाचावे लागले याला कारण घडले. आमच्या विभागातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना प्रोस्टेटचा कर्करोग होता. तो हाडांत उतरला होता आणि संप्रेरकांवरच्या औषधांना जुमानेनासा झाला होता. त्यांच्या मुलाने कुठल्याशा खाजगी केंद्राचे माहितीपत्रक आणले. ‘तुमच्याच रक्तातून तुमचीच लस’ असे त्यावर ठळक छापले होते आणि किंमत काही लाखांत होती. सरांनी ते पत्रक आमच्यापुढे ठेवले व म्हणाले, “वैद्यकातले काय ते डॉक्टरांना विचारीनच. तुम्ही मला एवढेच सांगा, या मजकुरात नेमके विधान कोणते आणि विशेषण कोणते?”

आयुष्यभर आम्ही विद्यार्थ्यांकडून हेच करवून घेत आलो आहोत. तेच काम एका माणसाच्या आयुष्याविषयी करायचे म्हणजे काय, हे मात्र त्या पंधरा दिवसांत कळले.

वाचता वाचता जी गोष्ट हाती लागली ती पत्रकापेक्षा पुष्कळच सुंदर होती. १८६८ साली पाउल लांगरहान्स या एकवीस वर्षांच्या जर्मन विद्यार्थ्याला त्वचेत फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्याने त्या मज्जापेशी मानल्या. पुढच्याच वर्षी त्याने स्वादुपिंडातील पेशींची बेटे शोधली आणि त्याचे नाव त्या बेटांना चिकटले. फांद्यांच्या पेशींचे खरे काम कळायला आणखी शतक जावे लागले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन व झॅनव्हिल कोन यांनी १९७३ मध्ये उंदराच्या प्लीहेत तशा शाखायुक्त पेशी पाहिल्या. झाडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून स्टाइनमन यांनी त्यांना ‘डेंड्रायटिक’ म्हटले. बरीच वर्षे अनेकांनी या पेशींचे महत्त्व मानलेच नाही.

या पेशी स्वतः फारशी लढाई करीत नाहीत. त्या शरीराच्या सीमांवर हिंडतात, परक्या वस्तूचे तुकडे उचलतात आणि लसीका ग्रंथीत जाऊन तेथील टी-पेशींना दाखवतात. कोणाला ओळखायचे हे टी-पेशी तिथे शिकतात. धोक्याची खूण सोबत नसेल तर याच पेशी उलट धडा देतात : हे आपले आहे, याला हात लावू नका. कर्करोगाची पेशी आपल्याच पेशीतून उपजलेली असल्याने तिला या दुसऱ्या धड्याचा लाभ मिळत राहतो. मग उपाय असा सुचला, की रुग्णाच्या रक्तातून पेशी काढाव्यात, प्रयोगशाळेत त्यांना गाठीची खूण नीट ओळखवावी, जागे करावे आणि परत शरीरात सोडावे. म्हणजे रोगाला प्रतिबंध करणारी ही लस नव्हे. चुकीचा धडा गिरवलेल्या वर्गाला पुन्हा शिकवण्याची ही खटपट आहे.

सुसान सोंटॅग यांनी १९७८ च्या ‘इलनेस ॲज मेटाफर’ या पुस्तकात कर्करोगाभोवतीच्या युद्धाच्या भाषेला हरकत घेतली होती, तीही स्वतः त्या आजारातून जात असताना. आम्ही वर्गात ते सांगतो. इथे युद्धाच्या जागी अध्यापनाचे रूपक आयते सापडले आणि आम्हाला ते आवडले, हे स्वाभाविकच. पण आपल्या व्यवसायाला शोभते म्हणून रूपक खरे ठरत नाही. सरांना रूपक नको होते. त्यांना विधान हवे होते.

विधान असे. या तऱ्हेच्या उपचारांपैकी सिप्युल्यूसेल-टी (प्रोव्हेंज) याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१० मध्ये मान्यता दिली, तीही नेमक्या सरांच्याच प्रकारच्या कर्करोगासाठी, मात्र लक्षणे नसलेल्या किंवा अगदी थोडी असलेल्या रुग्णांपुरती. त्यात रुग्णाच्या पेशींना प्रोस्टेटच्या एका प्रथिनाची ओळख करून देतात आणि सुमारे दोन-दोन आठवड्यांनी तीनदा त्या शरीरात सोडतात. ५१२ रुग्णांच्या चाचणीत लस मिळालेल्यांचे मध्यक आयुर्मान २५.८ महिने होते, इतरांचे २१.७. फरक ४.१ महिन्यांचा. गाठ वाढायला लागणारा काळ मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखाच होता. मान्यतेच्या वेळी खर्च ९३,००० डॉलर होता. पुढे २०१४ मध्ये ती बनवणाऱ्या डेंड्रिऑन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. औषध मात्र नव्या मालकांकडे जाऊन टिकले.

पत्रकात हे आकडे नव्हते. त्यात ‘आशादायक’, ‘नैसर्गिक’, ‘दुष्परिणामरहित’ ही विशेषणे होती आणि ‘प्रतिसाद’ हा शब्द अकरा वेळा आला होता. प्रतिसाद कोणाचा, कशाला, हे एकदाही नव्हते. रक्तातल्या टी-पेशी उत्तेजित झाल्या तरी प्रतिसाद, गाठ लहान झाली तरी प्रतिसाद, माणूस जगला तरी प्रतिसाद! तिन्ही अर्थ एका शब्दात कोंबले की वाचणारा आपल्याला हवा तो अर्थ उचलतो. कवितेत आम्ही याला अनेकार्थता म्हणून गौरवतो. लाखोंच्या पावतीवर तिचे नाव वेगळे असते. शिवाय त्या केंद्राची लस म्हणजे चाचणीतली लसही नव्हती. केवळ त्या जातीची, एवढेच.

सरांना आम्ही हे सारे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “चार महिने म्हणजे एक सत्र. एका सत्रात एक अभ्यासपत्रिका नीट शिकवून होते.” आमच्यातल्या एकाने नाइलाजाने पुढचे सांगितले : मध्यक म्हणजे निम्मे त्याच्या अलीकडे आणि निम्मे पलीकडे, प्रत्येकाच्या हातावर चार महिने ठेवले जातात असे नाही. “ठाऊक आहे,” सर म्हणाले. “पण सत्र कधी पूर्ण मिळते का?” त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतला, ती लस घेतली नाही आणि नेहमीचे उपचार चालू ठेवले. आणखी दीड वर्षाने ते गेले. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध जोडू नये, अशी त्यांचीच शिस्त होती.

ती शिस्त किती कठीण आहे ते स्टाइनमन यांच्या अखेरीवरून उमगते. २००७ मध्ये त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. इतर उपचारांसोबत त्यांनी स्वतःच्याच डेंड्रायटिक पेशींपासून बनवलेल्या लसी घेतल्या आणि ते सुमारे साडेचार वर्षे जगले. या रोगात तेवढे फार थोडे जगतात. ३० सप्टेंबर २०११ रोजी ते निवर्तले. ३ ऑक्टोबरला नोबेल जाहीर झाले तेव्हा निवड समितीला ही वार्ता नव्हती. मरणोत्तर नोबेल न देण्याचा नियम असूनही निर्णय कायम ठेवला गेला. ती वर्षे लसीने दिली का? एका माणसावरून हे सांगता येत नाही. तुलनेला दुसरा स्टाइनमन नव्हता.

संशोधन अर्थातच थांबलेले नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या ‘नेक्सकार१९’ला भारतात २०२३ मध्ये मान्यता मिळाली. काही रक्तकर्करोगांवरचा तो उपचार आहे, पण ती लस नव्हे. तिथे शिकवणारी पेशी बाजूला ठेवून थेट टी-पेशीच्याच जनुकांत बदल करतात. शिक्षकाला वगळून विद्यार्थ्यालाच नवे डोळे द्यायचे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण रूपकांविषयी वर लिहिले आहेच.

सरांचे ते पत्रक आता आम्ही प्रथम वर्षाला उपयोजित मराठीच्या तासाला वाचायला देतो, केंद्राचे नाव खोडून. प्रश्न सरांचाच असतो. बहुतेक मुले विशेषणे पटापट शोधतात. ‘प्रतिसाद’पाशी मात्र वर्ग दरवर्षी अडखळतो, आणि तेवढ्यासाठी आम्ही तासाची दहा मिनिटे राखून ठेवतो.