नकाशावरची कोरी जागा

शहराच्या नकाशावर स्वमग्न मुलांचीं घरें टिंबांनीं दाखवावीं, म्हणजे त्यांच्यासाठीं शाळा व उपचार कोठें हवेत हें कळेल, ही कल्पना प्रथमदर्शनीं मोठी सोयीची वाटते. १८५४ सालीं लंडनमध्यें डॉ. जॉन स्नो यांनीं पटकीनें मेलेल्यांचीं घरें अशींच नकाशावर मांडून दोष एका पंपाकडे जातो हें दाखविलें होतें. परंतु पटकीचें मरण लपत नाहीं; स्वमग्नता मात्र ओळखणारा भेटेपर्यंत निनांवीच राहते.

२०१० सालीं कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनीं असे नकाशे काढले, तेव्हां टिंबांची दाटी बहुधा सुशिक्षित आईबापांच्या वस्त्यांत आढळली. तेथील हवापाणी बाधक होतें असा अर्थ कोणीं लावला नाहीं; निदान करून घेण्याची माहिती व ऐपत तेथें अधिक, एवढाच त्याचा उलगडा.

आमचें गडमुडशिंगी करवीर तालुक्यांत, कोल्हापूरच्या अगदीं शेजारीं. उद्यां असा नकाशा निघाला तर टिंबें शहरांतील दवाखान्यांभोंवतीं जमतील आणि आमचें गांव कोरें राहील, असें मला वाटतें. आमच्या गल्लींत एक मुलगा तासन् तास सायकलचें चाक फिरवीत बसतो. हांक मारली तरी मान वळवीत नाहीं. "त्याचा मामाही उशिरांच बोलला," असें आजी म्हणते. तो स्वमग्न आहे असें ठरविण्याचा मला अधिकार नाहीं. पण ज्याला आहे असा कोणी त्या उंबऱ्यापर्यंत अद्याप आलेला नाहीं.

सरकारी मोजणीचीही तीच गत. २०११ च्या जनगणनेंत अपंगत्वाचे ८ प्रकार होते. त्यांत स्वमग्नतेला वेगळें घर नव्हतें. २०१६ च्या कायद्यानें २१ प्रकारांत तें दिलें. तरी नांव मिळाल्यानें भय सुटत नाहीं. दारावर टिंब पडलें कीं धाकट्या बहिणीच्या लग्नाचीं बोलणीं अडतील, ही आईची धास्ती खोटी म्हणतां येत नाहीं.

म्हणून मला वाटतें, नकाशांत घरें दाखवूं नयेत, अंतरें दाखवावीं. कोणत्या गांवाहून तपासणीस जातांना किती गाड्या बदलाव्या लागतात, किती दिवसांची मजुरी बुडते, कोठल्या अंगणवाडीताईंस हीं लक्षणें ओळखण्याचें शिक्षण मिळालें आहे, एवढें मांडलें तरी पुष्कळ. असा नकाशा कोणाचें गुपित फोडणार नाहीं, आणि कोऱ्या जागेंत मुलेंच नाहींत असें समजून स्वस्थ बसण्याची सोयही कोणास राहणार नाहीं.