घरची ओढ

व्हिडिओ गेम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मारामारी आणि जागरण उभे राहते. म्हणूनच १९९४ साली जपानमध्ये आलेल्या ‘मदर २’ या खेळाचे मला अप्रूप वाटते. जाहिरातलेखक शिगेसातो इतोई यांनी तो रचला. त्याचा नायक नेस हा घर सोडून दूरच्या प्रवासाला निघालेला मुलगा. मध्येच त्याला घराची आठवण व्याकूळ करते आणि ऐन लढाईत त्याचे हात थबकतात. यावर उतारा कोणता? आईला फोन करून तिचा आवाज ऐकणे! घरी परतला की आई त्याच्या आवडीचा पदार्थ वाढते. खेळणारा फार वेळ खेळत राहिला, तर नेसचे वडील फोन करून विश्रांती सुचवितात.

माझी मुलगी वसतिगृहात राहू लागल्यापासून या खेळाचे मर्म मला अधिक उमगले. घरच्या ओढीला आपण हळवेपणा म्हणून हसतो; येथे मात्र ती शूरालाही जडणारी व्यथा आहे. आपले मूल दूर असेल, तर आज फोनवर गुणांची चौकशी मागे ठेवा. ‘जेवलीस का?’ एवढेच आधी विचारा.