पैलतीरावरून आलेले बाळ

ग्रीसच्या लेस्बॉस बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर स्काला सिकामनिया नावाचे कोळ्यांचे चिमुकले गाव आहे. लहानसे बंदर, त्यात डुलणाऱ्या होड्या, तुतीचे जुने झाड आणि खडकावर मेरीमातेचे पांढरेशुभ्र देऊळ. समोर निळाशार एजियन समुद्र आणि त्याच्या पलीकडे, सुमारे दहा किलोमीटरवर, तुर्कस्तानचे डोंगर. हवा स्वच्छ असली की पैलतीर अगदी हाकेच्या अंतरावर वाटतो.

२०१५ साली याच चिंचोळ्या समुद्रातून माणसांचा लोंढा आला. सीरिया, अफगाणिस्तान, इराक येथील युद्धांनी देशोधडीला लागलेली कुटुंबे रबरी नावांत दाटीवाटीने बसून येत. त्या वर्षी साडेआठ लाखांहून अधिक लोक समुद्रमार्गे ग्रीसला पोहोचले. त्यांतले निम्म्याहून अधिक या एकट्या बेटावर उतरले. सर्वच पोहोचले असे नाही. कित्येकांना समुद्राने गिळले.

त्या ऑक्टोबरमधली गोष्ट. गावातल्या तीन म्हाताऱ्या नेहमीप्रमाणे बाकावर बसल्या होत्या. नुकतीच किनाऱ्याला लागलेली एक सीरियन तरुणी जवळ आली. तिचे तान्हे बाळ भुकेने रडत होते. ऐंशी ओलांडलेल्या एमिलिया काम्विसी यांनी हात पुढे केले, बाळ मांडीवर घेतले आणि बाटलीने दूध पाजायला सुरुवात केली. एकीला अरबी येत नव्हते, दुसरीला ग्रीक. पण बाळ कसे धरायचे हे आजीला कुणी सांगावे लागले नाही आणि परक्या बाईच्या हाती लेकरू द्यायला आईही कचरली नाही. छायाचित्रकार लेफ्तेरिस पार्त्सालिस यांनी टिपलेला हा क्षण जगभर पोहोचला.

या मायेचे मूळ शोधायचे तर १९२२ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी ग्रीस-तुर्कस्तान युद्धात ग्रीकांचा पराभव झाला, स्मिर्ना शहर जळाले आणि पुढच्या वर्षीच्या करारानुसार दोन्ही देशांनी लोकसंख्येची अदलाबदल केली. बारा लाखांच्या आसपास ख्रिश्चन ग्रीसमध्ये आले, तर सुमारे चार लाख मुसलमानांना तुर्कस्तानात जावे लागले. फाळणीच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या भारतीय वाचकाला हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको. पैलतीरावरून नेसत्या वस्त्रांनिशी आलेली काही कुटुंबे या गावात स्थिरावली. बाकावरच्या आजीबाईंच्या आया अशाच, कोवळ्या वयात, समुद्र ओलांडून आल्या होत्या. लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेली गोष्ट नव्वद वर्षांनी ओल्या कपड्यांत दारात उभी राहिली, तेव्हा त्यांना ती ओळखता आली.

२०१६ साली नोबेल शांतता पुरस्कारासाठी बेटवासीयांच्या वतीने एमिलियाआजी आणि गावातले मच्छीमार स्त्रातिस वालियामोस यांची नावे सुचवली गेली. पुरस्कार कोलंबियाच्या राष्ट्राध्यक्षांना मिळाला.

पुढे दिवस पालटले. मार्च २०१६ मध्ये युरोपीय संघ आणि तुर्कस्तान यांच्यात समझोता झाला आणि नावांची संख्या घटली. पण आलेले लोक बेटावरच अडकून पडू लागले. मोरियाची छावणी क्षमतेच्या कितीतरी पट भरली. बेटवासी थकले, चिडले; २०२० साली तर बेटावर रोषाचा भडका उडाला आणि त्याच सप्टेंबरात ती छावणी आगीत भस्मसात झाली. माणुसकीलाही दमछाक होते, हे या बेटाने पाहिले आहे. म्हणूनच बाकावरच्या त्या चार क्षणांचे मोल अधिक.

अथेन्सहून विमानाने तासाभरात मितिलिनी शहर गाठता येते. तिथून ऑलिव्हच्या राईंमधून जाणारा वळणावळणांचा रस्ता स्कालाच्या बंदरात उतरतो. बंदराकाठी तुतीच्या सावलीत ताजी मासळी मिळते. जेवण झाले की प्रवाशाने क्षणभर पैलतीराकडे पाहावे. होडीला हे अंतर फारसे नाही. घर सोडून निघालेल्याला मात्र ते जन्मभर पुरते.