विलंब कोणाचा?

वाचकहो, या लेखाचा प्रारंभ माझ्या एका चुकीच्या कबुलीने करतो. ज्यांच्या बाबतीत ती घडली, त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे.

तलासरीजवळ राहणारे एक निवृत्त गुरुजी माझे जुने रुग्ण आहेत. वय ७८. पावसाळ्यात डहाणूच्या दवाखान्यापर्यंत येणे त्यांना जड जाते. केंद्र शासनाने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकसेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, तेव्हापासून त्यांच्या मधुमेहाची विचारपूस मी अधूनमधून व्हिडिओ कॉलवर करीत असे. गेल्या पावसाळ्यात मात्र काही वेगळेच जाणवू लागले. प्रश्न विचारला की गुरुजी तीन-चार क्षण स्तब्ध राहत, अर्धे उत्तर देत, पुन्हा थांबत. पुण्यातील त्यांच्या कन्येलाही तोच अनुभव येत होता. "बाबांचं डोकं पूर्वीसारखं चालत नाही," असे ती काळजीने म्हणाली. मलाही ते पटले आणि मी मेंदूविकारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहिली. गुरुजी दुखावले. त्यांनी फोन घेणेच सोडून दिले.

दिवाळीत त्यांच्या घरी गेलो. चहा घेताना गुरुजी जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी अस्खलित सांगत होते. तेवढ्यात कन्येचा व्हिडिओ कॉल आला. प्रश्न कानी पडताच गुरुजींनी तत्काळ उत्तर दिले, हे मी स्वतः पाहिले. तरीही पलीकडून ती विचारीत होती, "बाबा, लक्ष कुठे आहे?" मी त्यांच्या फोनचे वायफाय बंद केले आणि मोबाइल डेटावर तोच कॉल पुन्हा लावला. संभाषण ओघवते झाले. विलंब गुरुजींच्या मेंदूत नव्हता, घरातल्या इंटरनेटमध्ये होता.

घरी फायबरची जोडणी असताना मोबाइल वेगवान कसा, असा प्रश्न आपणास पडेल. घरच्या इंटरनेटचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. बाहेरून राउटरपर्यंत तारेने आणि राउटरपासून फोनपर्यंत हवेतून. फोनवर दिसणाऱ्या वायफायच्या रेघा केवळ दुसऱ्या टप्प्याविषयी सांगतात. रेघा पूर्ण असूनही तारेत बिघाड असू शकतो. गुरुजींकडे दोष दुसऱ्या टप्प्यातच होता. राउटर पुढच्या खोलीत लोखंडी कपाटामागे, तर त्यांची आरामखुर्ची दोन जाड भिंतींपलीकडे मागच्या पडवीत. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी दूरवर पोहोचतात, पण त्यांचा वेग कमी असतो. शेजाऱ्यांचे राउटर आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, परंतु भिंतींपुढे लवकर क्षीण होतात. मोबाइलचे मनोरे अधिक शक्तिशाली असतात आणि त्यांच्या लहरींचे पट्टे परवान्याने कंपन्यांसाठी राखीव असतात. म्हणून मनोरा जवळ असेल तर मोबाइल पुढे जातो. संध्याकाळी मनोऱ्यावर गर्दी झाली की चित्र उलटेही होऊ शकते.

आपल्या घरी एक साधी परीक्षा करून पाहा. फोन घेऊन राउटरशेजारी उभे राहा. तिथे वेग चांगला असेल, तर दोष घरातील अंतराचा व अडथळ्यांचा आहे. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर, मोकळ्या जागी ठेवावा. कपाट, आरसा, फ्रिज यांच्या आड नको. तिथेही वेग मंदच असेल, तर राउटर मिनिटभर बंद करून पुन्हा सुरू करावा. तरी फरक पडला नाही, तर कंपनीकडे तक्रार नोंदवावी. राउटर फार जुना असल्यास बदलावा. डॉक्टरांशी बोलताना घरातील इतरांनी टीव्हीवरील इंटरनेटचे कार्यक्रम व मोठे डाउनलोड थांबवावेत, किंवा सरळ मोबाइल डेटा वापरावा. वीज गेली की राउटरही मुका होतो. नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सोसलेल्या आपल्या डहाणू-तलासरीत तर मोबाइल नेहमी चार्ज असलेला बरा. तातडीच्या वेळी व्हिडिओच्या नादी न लागता साधा फोन करून १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. एकाएकी तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात गळणे, बोलणे अडखळणे, याचा दोष कधीही इंटरनेटला देऊ नका. ती पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. तिथे मिनिटे मोलाची असतात, त्वरित रुग्णालय गाठा. विस्मरणाची शंका मात्र पडद्यावरून पक्की करू नका. समोर बसून बोला, कान तपासून घ्या, मग निष्कर्ष काढा.

मी गुरुजींची क्षमा मागितली. राउटर आता मधल्या खोलीत फळीवर आहे. ते हसून म्हणाले, "डॉक्टर, उत्तर उशिरा आलं म्हणून पोराला मठ्ठ ठरवायचं नसतं, हे आम्ही वर्गात पहिल्यांदा शिकलो." आपल्या घरातील वडीलधाऱ्यांविषयी घाईने काही ठरविण्यापूर्वी हे वाक्य जरूर आठवावे.