आमच्या माळवदाचं सागवान

मुलानं परभणीत घर बांधायला काढलंय. परवा इंटीरियरवाला मुलगा लॅपटॉप घेऊन आला. "अण्णा, सगळीकडे नॅचरल वूड लुक देऊ," म्हणाला. भिंतीला लाकूड, छताला लाकडी पट्ट्या, टीव्हीच्या मागेसुद्धा लाकूड! मी विचारलं, "सागवान का?" तो हसला. "नाही अण्णा, प्लायवर लॅमिनेट." नमुन्याचा तुकडा हातात दिला. लॅमिनेट म्हणजे मुळात कागद. त्यावर लाकडाच्या रेषा छापायच्या, रसायनात भिजवून दाबून कडक करायचा आणि प्लायवर चिकटवायचा. बोट फिरवलं तर रेषाही हाताला लागतात. वास तेवढा येत नाही.

आणि मला आमचं गंगाखेड तालुक्यातलं गावाकडचं घर आठवलं...

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर फळ्या आणि वर फूट-दीड फूट पांढरी माती. दर वर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची. घर मोजायचं ते खणांत. सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न, "किती खणांचं घर आहे?" आमचं नऊ खणांचं. लाकूड किनवटच्या जंगलातून बैलगाड्यांनी आणलं, असं आजोबा सांगत. मे महिन्याच्या दुपारीही आत गारवा असायचा.

मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. आमच्याकडं फळीवरची भांडी वाजली तेवढीच, पण बातम्या ऐकून सगळ्यांचा धीर सुटला. गाव महिनाभर अंगणात झोपत होतं. जो तो म्हणायचा, माळवद म्हणजे जिवंतपणीची कबर.

१९९४ च्या उन्हाळ्यात आम्ही भावांनी घर उतरवायचं ठरवलं. बाई, म्हणजे आमची आई, एवढंच म्हणाली, "भिताडं पाडा बाबांनो, खांबाला हात लावू नका." मी घरातला शिकलेला, मास्तर. मीच तिला समजावलं. व्यापाऱ्यानं सगळं सागवान एकगठ्ठा नेलं. त्या पैशांत स्लॅबच्या दोन खोल्या झाल्या. बाई पुढचे नऊ उन्हाळे दुपारी लिंबाखाली बाज टाकून पडायची. कधी बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढं निवृत्तीनंतर किल्लारीबद्दल वाचनात आलं. तिथं माणसं गेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती कोसळल्यानं. वर्षानुवर्षं मातीचे थर चढून छतही जड झालेलं. पण जिथं छताचा भार लाकडी खांबांवर होता, तिथं भिंती पडूनही कित्येक ठिकाणी लाकडाचा सांगाडा उभा राहिला होता! म्हणजे आमची भीती खोटी नव्हती. भिंतीचे दगड आत पडले तर झोपलेला माणूस वाचत नाही. फक्त आम्ही भीतीपोटी विकून टाकलं ते नेमकं टिकणारं. बाईनं कुठलाही अहवाल वाचला नव्हता. ती त्या खांबांना टेकून आयुष्यभर बसली होती.

२१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोलीकडं ४.५ रिश्टरचा धक्का बसला, आम्ही इथं परभणीतही अंगणात पळालो. त्या दिवशीही खांबच आठवले.

एक खांब मात्र उरलाय. शेतात आखाड्याच्या पत्र्याखाली टेकू म्हणून लावला होता. तीस वर्षं ऊन-पाऊस खाऊन काळवंडलाय, वाळवीनं शिवलेला नाही. इंटीरियरवाल्याला सांगितलं, हा घ्या. तो म्हणाला, "छान अण्णा, हॉलमध्ये शो म्हणून उभा करू, खाली लाइट सोडू."

मी नाही म्हणालो. उभा करायचा तर त्याच्या डोक्यावर काहीतरी भार पाहिजे. मुलानं विचार केला आणि म्हणाला, पुढच्या ओसरीच्या पत्र्याखाली घेऊ. बाकी घरात लॅमिनेट बसेल, सूनबाईंची हौस आहे, आणि खऱ्या सागवानाचा भाव आज आम्हाला झेपणारा नाही.

धाकट्या भावानं हे वाचलं तर त्याला विनंती. तुझ्या अंगणात तुळशीखाली आपला एक तळखडा आहे. तुळशीला मी नवा दगड आणून देतो. तळखडा देशील का?