अधूनमधून बंद पडणारी गाडी

जें यंत्र एकदां कायमचें बंद पडतें, त्याचा आम्हांला फारसा राग येत नाहीं. त्याचा दोष उघड असतो. कारागीर येतो, मोडलेला भाग हातांत धरून दाखवितो, आपण पैसे देतों आणि प्रकरण मिटतें. मनुष्याची खरी परीक्षा पाहतें तें अधूनमधून बंद पडणारें यंत्र. वैद्याच्या ओट्यावर पाय ठेवतांच ज्याची दाढ दुखावयाची थांबते अशा रोग्याप्रमाणें, कारागिराच्या दारांत जातांच तें धडधाकट होतें. असल्या यंत्राचा दोष शोधतां शोधतां स्वतःचा दोष कसा सांपडतो, याचा एक घरगुती अनुभव वाचकांपुढें ठेवावा असें मनांत आहे.

गोष्ट २०१९ च्या उन्हाळ्यांतील आहे. आमच्याजवळ तेव्हां अकरा वर्षें वापरलेली एक लहान पेट्रोलची मोटार होती. आम्ही पुण्यास राहतों; आमच्या मातुःश्री वाईस राहतात. त्यांच्या डोळ्यांवर पुण्यांत उपचार चालू होते, आणि महिन्यांतून एकदां त्यांना आणावयाचें व परत पोंचवावयाचें काम आमच्या चिरंजीवांकडे होतें. गाडी चालवूं लागून त्यांना दोन वर्षें झालीं होतीं. मार्च महिन्यांत एके दुपारीं शिरवळजवळून त्यांचा फोन आला, "बाबा, गाडी चालतां चालतां बंद पडली. सुरूच होत नाहीं." अर्ध्या तासानें दुसरा फोन आला, "सुरू झाली. निघतों." आम्हीं ती गोष्ट विसरून टाकली.

एप्रिलमध्यें तोच प्रकार खंबाटकीच्या घाटांत झाला, आणि या वेळीं आजी शेजारीं बसलेल्या होत्या. चढणीवर इंजिन थांबणें म्हणजे काय, हें ज्यांनीं अनुभवलें आहे त्यांना सांगावयास नको. ब्रेकला जी पोकळीची मदत असते ती इंजिन थांबल्यावर एकदोन दाबांत संपते. पुढें सारा भार चालविणाऱ्याच्या पायावर येतो. स्टिअरिंग जड होतें. मागें मालमोटारींची रांग असते. चिरंजीवांनीं गाडी कशीबशी कडेला घेतली, चाकामागें दगड लावला आणि आजींना कठड्याच्या सावलींत बसविलें. पाऊण तासानें गाडी किल्ली फिरवितांच सुरू झाली, जणूं मध्यंतरीं कांहीं घडलेंच नव्हतें.

आतां आमच्या हातीं ती गाडी एकदांहि बंद पडली नव्हती. सदाशिव पेठेंतून शिवाजीनगरच्या न्यायालयापर्यंत आम्ही रोज सकाळीं तिच्यांतूनच जात असूं. तेव्हां आमचा निर्णय सोपा होता. जी गाडी बापाच्या हातीं चालते आणि मुलाच्या हातीं थांबते, तिच्यांत दोष कोणाचा? आम्हीं त्यांना जेवतांना विचारलें, "क्लच नीट सोडतोस ना?"

"क्लचचा प्रश्नच नाहीं, बाबा. गाडी गिअरमध्यें पळत होती, आणि आरपीएमचा काटा एकदम शून्यावर पडला."

"काट्याचें राहूं दे. तुझा पाय कोठें होता तें सांग."

तीस वर्षें आम्ही वकिली करीत आलों आहों. साक्षीदाराचें बोलणें मध्येंच तोडून त्याला आपल्या प्रश्नाकडे ओढून आणण्याची कला आम्हांला चांगली अवगत आहे. चिरंजीव गप्प बसले.

तरीहि गाडीची तपासणी करविली नाहीं असें कोणीं म्हणूं नये, म्हणून ती आम्हीं एका कार्यशाळेंत नेली. तेथें तिला संगणकाची तपासणी जोडली. अलीकडच्या गाड्या आपल्या पोटांतील बिघाड सांकेतिक आंकड्यांत नोंदवून ठेवतात, आणि ते आंकडे वाचले म्हणजे रोग कळतो असा सर्वांचा समज आहे. आमच्या गाडीच्या नोंदींत एकहि आंकडा नव्हता. तेव्हां अंदाजाचें राज्य सुरू झालें. प्रथम प्लग बदलले; मग पेट्रोलची गाळणी बदलली; शेवटीं टाकींतील पंप बदलला. साडेनऊ हजार रुपये खर्च झाले. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी उत्तम चालली, कारण ती दुरुस्तीपूर्वींहि उत्तमच चालत होती. मे महिन्यांत ती शिरवळपाशीं पुन्हां थांबली. त्या रात्रीं आम्ही काय बोललों तें येथें लिहिण्यासारखें नाहीं. दुसऱ्या दिवशीं चिरंजीवांनीं गाडीची किल्ली आमच्या टेबलावर आणून ठेवली आणि शांतपणें सांगितलें, "यापुढें आजीला मी एस. टी.नें आणीन."

एका पक्षकाराच्या सांगण्यावरून आम्ही एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलों. त्यांचें गॅरेज म्हणजे पत्र्याचें छप्पर आणि एक चिंचेचें झाड. त्यांनीं गाडीचें झांकण उघडलेंहि नाहीं. त्यांनीं विचारलें, "बंद पडली तेव्हां गाडी कोणाच्या हातांत होती?"

"मुलाच्या."

"मग त्यांना घेऊन या, साहेब. गाडी ठेवून काय करूं? ती आतां बरी आहे."

चिरंजीव मोठ्या नाखुषीनें आले. मिस्त्रींनीं त्यांना स्टुलावर बसविलें आणि प्रश्न विचारावयास आरंभ केला. किती अंतर गेल्यावर बंद पडली? ऊन होतें कीं नाहीं? धक्के देत देत पडली कीं दिवा मालवावा तशी पडली? पुन्हां सुरू व्हावयास किती वेळ लागला? एकहि प्रश्न असा नव्हता कीं ज्याचें उत्तर त्यांनीं आधींच ठरवून ठेवलें होतें. उत्तरें मात्र एका सुरांत आलीं: तासभर चालल्यानंतर, भर दुपारीं, एकाएकीं, आणि निवल्यावर पुन्हां सुरू. मग त्यांनीं विचारलें, "त्या वेळीं काट्यांकडे लक्ष गेलें होतें का?"

"आरपीएमचा काटा शून्यावर गेला. गाडी अजून पळत होती, गिअरमध्यें होती, तरी काटा शून्यावर."

मिस्त्रींनीं हातांतला पाना खालीं ठेवला. "दादा, हें आधीं कोणाला सांगितलें असतें तर पंप वांचला असता."

"सांगितलें होतें," चिरंजीव म्हणाले. त्यांनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं.

त्या एका वाक्याचें महत्त्व आम्हांला मिस्त्रींनीं नंतर समजावून दिलें, तें असें. गाडी गिअरमध्यें असून चाकें फिरत आहेत, म्हणजे त्यांच्याबरोबर इंजिनाचा दांडाहि फिरलाच पाहिजे. पेट्रोल संपो, ठिणगी बंद होवो, दांडा फिरत आहे तोंपर्यंत काट्यानें फेरे दाखविलेच पाहिजेत. तो शून्य दाखवितो याचा अर्थ, फेरे मोजणारा जो भाग त्यानेंच काम सोडलें आहे. हा भाग म्हणजे क्रँक सेन्सर. दांड्याबरोबर एक दंतचक्र फिरतें. पुष्कळ गाड्यांत त्यावर साठ दांत्यांची जागा असते आणि खुणेसाठीं दोन दांते गाळलेले असतात. चक्राशेजारीं एक लोहचुंबक व त्याभोंवतीं केसासारख्या तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. दांता पुढून गेला कीं चुंबकाचें क्षेत्र हलतें आणि तारेंत क्षणभर वीज उत्पन्न होते. फॅरडेनें १८३१ मध्यें जें तत्त्व शोधून काढलें, तेंच येथें राबत असतें. मिनिटाला ३००० फेरे होत असले तर सेकंदाला २९०० दांते या वेटोळ्यापुढून जातात, आणि ते मोजूनच गाडीचा संगणक ठिणगी केव्हां द्यावयाची व पेट्रोल केव्हां सोडावयाचें हें ठरवितो. मोजणी थांबली कीं त्याला वाटतें, इंजिनच थांबलें. तो ठिणगी बंद करतो, पंपहि बंद करतो. म्हणून पंपावर संशय येतो. आणि संगणकाच्या नोंदींत मात्र कांहींच उमटत नाहीं, कारण बंद केलेली गाडी आणि मुका झालेला सेन्सर यांत त्याला भेद दिसत नाहीं.

परंतु मिस्त्रींनीं एवढ्यावर निकाल दिला नाहीं. "हा अजून संशय आहे," ते म्हणाले, आणि सेन्सर काढून बांकावर ठेवला. मीटर लावला; आंकडा सुमारें ९०० ओहम आला. म्हणजे निर्दोष. मग त्यांनीं शेजारच्या केशकर्तनालयांतून केस वाळविण्याचें यंत्र मागून आणलें आणि त्याचा गरम वारा सेन्सरवर सोडला. तांबें तापलें म्हणजे त्याचा रोध वाढतो. त्याप्रमाणें आंकडा हळूहळू चढूं लागला. हजार झाले, कांहीं वर गेले, आणि एकाएकीं मीटरवरील आंकडा नाहींसा झाला. आंतील तार कोठें तरी तुटलेली होती. थंडपणीं तिचीं टोकें एकमेकांस चिकटून असत; उष्णतेनें भोंवतालचें सारें प्रसरण पावलें कीं तीं सुटत. मिस्त्रींनीं ओलें फडकें गुंडाळलें. पांच मिनिटांनीं आंकडा परत आला. हा प्रयोग त्यांनीं दोनदां केला, आणि तिसऱ्यांदा नव्या सेन्सरवर केला. नव्याचा आंकडा नुसता चढला, तुटला नाहीं. तेव्हां कोठें त्यांनीं तो गाडीला बसविला.

आमच्या सकाळच्या तीन किलोमीटरांत तो भाग पुरता तापतच नसे. आमच्या हातीं गाडी बंद पडत नव्हती याचें सारें श्रेय आमच्या चालविण्याला नव्हे, तर न्यायालय घरापासून जवळ असण्याला होतें. आणि चिरंजीवांच्या हातीं ती थांबत होती, कारण आमच्या आईला आणावयास दुपारच्या उन्हांत दूर जाण्याचें काम ते करीत होते, आम्ही नव्हे. ज्या कामाबद्दल त्यांचे आभार मानावयाचे, त्याच कामाचा आम्हीं त्यांच्याविरुद्ध पुरावा केला होता.

नित्य दिसणाऱ्या दोषाला साक्षीदार लागत नाहीं. अधूनमधून दिसणाऱ्या दोषाला मात्र साक्षीदारावांचून दुसरा आधारच नसतो. आणि आम्ही नेमके तेथेंच चुकतों. आपल्यादेखत जें घडत नाहीं तें खोटें, असें मानण्यास मन फार लवकर तयार होतें. ज्याला रात्रींच धाप लागते त्या म्हाताऱ्यास सकाळीं तपासून 'कांहीं नाहीं' म्हणणारे आणि सासुरवाशिणीचें रडणें पाहुणे आले कीं थांबतें म्हणून तें खोटें ठरविणारे, हे सर्व आमचेच सोबती होत. ताप चढला नसतांना नाडी पाहून रोग नाहीं म्हणणें, याला परीक्षा म्हणत नाहींत.

घरीं परततांना आम्ही गाडींत शेजारच्या जागीं बसलों होतों. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. स्वारगेटच्या चौकांत सिग्नलला थांबलों असतां आम्ही म्हणालों, "तूं पहिल्याच दिवशीं सांगितलें होतेंस. आम्हीं ऐकलें नाहीं. चूक आमची."

चिरंजीव समोर पाहत होते. "सिग्नल सुटला, बाबा," एवढेंच ते म्हणाले. पण त्या रात्रीं किल्ली आमच्या टेबलावरून उचलून त्यांनीं खिळ्याला अडकविलेली आम्हीं पाहिली. जूनमध्यें आजी गाडीनेंच आल्या.

तो जुना सेन्सर आम्हीं मिस्त्रींपासून मागून घेतला. आमच्या लिहिण्याच्या टेबलाच्या खणांत तो आहे. थंडपणीं मीटर लावला तर आजहि ९०० ओहम दाखवितो.