परक्या घराचा गाळ

धसई, ता. मुरबाड, जि. ठाणे
आश्विन शुद्ध षष्ठी

चि. बाळ यास,

घरे व पाण्याच्या टाक्या धुऊन देण्याचा तुझा व्यवसाय मुरबाडात रुजू लागल्याचे, आणि त्याच्या प्रसिद्धीसाठी एक पैही न वेचता तू फेसबुकावर व व्हॉट्सॲपच्या समूहांवर नित्य मजकूर टाकीत असल्याचे वर्तमान मला तुझ्या आईकडून नव्हे, तर आमच्या पेठेतील वाण्याकडून कळले; तेव्हा जाहिरात पोचते, याविषयी शंका नको. ती कोणत्या रूपाने पोचली, हे कळवण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

गेल्या पंधरवड्यात तू एका स्वयंपाकघराची दोन छायाचित्रे प्रसिद्ध केलीस : आधी तेला-काजळीने माखलेला ओटा, नंतर तोच लखलखीत. घराचे नाव तू घातले नव्हतेस, हे खरे. तथापि खिडकीचा पडदा आणि भिंतीवरचे कॅलेंडर पाहून तो ओटा कोणाचा, याचा निवाडा आमच्या आळीत घटकाभरात झाला, आणि त्या माउलीने दोन दिवस देवळाकडे फिरकण्याचे टाळले. मुंबईत अशा चित्राखाली शेकडो अनोळखी माणसे कौतुकाचे अंगठे उमटवतील. येथे मात्र घाण ही घरमालकाच्या, किंबहुना मालकिणीच्याच, नावे दप्तरी दाखल होते. सुताराने केलेला पाट दाखवला तर त्यात गिऱ्हाइकाचीही शोभा असते. तुला मात्र आपले कसब दाखवण्यासाठी प्रथम दुसऱ्याची लाज दाखवावी लागते, ही तुझ्या धंद्याची मेख आहे. यापुढे घरच्या बाईची रीतसर संमती घेतल्याखेरीज परक्या घराचे चित्र काढू नकोस.

माझ्या तलाठीपणाच्या काळात कोतवाल दवंडी देई, आणि तो गावचाच असल्यामुळे आपण काय ओरडलो याचा जाब त्याला दुसऱ्या दिवशी चावडीपुढे द्यावा लागे. तुझे यंत्रही असेच ओळखीच्या माणसांत फिरते. नातवाने मला समजावून सांगितले की, व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावे घालता येतात, पण संदेश पोचतो तो ज्यांनी तुझा क्रमांक आपल्याकडे नोंदवून ठेवला आहे त्यांनाच. स्टेटस तर २४ तासांत पुसले जाते. म्हणजे ब्रॉडकास्ट व स्टेटसची ही फुकटची दवंडी, ज्याने तुला आधीच ओळखीच्या वहीत घेतले, त्याच्याच कानी पडते. माळशेजच्या वाटेवर बंगले बांधून शनिवार-रविवारी येणाऱ्या मंडळींना तू ठाऊक नाहीस. त्यांच्यासाठी गूगलच्या नकाशावर धंद्याची विनामूल्य नोंद कर, कारण कुलूप काढताच शेवाळलेली टाकी दिसली की ते प्रथम तेथेच शोध घेतात.

आणि एका दिवसाच्या कीर्तीने हुरळून जाऊ नकोस. १ डिसेंबर २०१६ रोजी राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत आमचे धसई रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाचा पुढाकार होता, बँक ऑफ बडोदाने दुकानोदुकानी कार्डयंत्रे दिली, आणि वडापावाचा मोबदलाही कार्डाने चुकता होतो, हे देशभर छापून आले. गावाने त्या प्रसिद्धीसाठी दमडी मोजली नव्हती. पुढे गल्ल्यात नोटा पुन्हा दिसू लागल्या, छायाचित्रकार फिरकेनासे झाले, आणि आमचा वाणी पूर्वीप्रमाणेच तोंड पाहून उधारी लिहू लागला.

आता गाडगेबाबांचा दाखला येणार, असे तुला वाटले असेल. तो येऊ दे. दिवसा ते स्वतः हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनात घाणीविषयी बोलत, हा क्रम तेवढा ध्यानी घे.

मग लिहावे काय? जे तुला हातचे ठाऊक आहे ते. शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड असल्याने त्यांवर ॲसिड ओतले की चकाकी कायमची जाते, हे कित्येकांना माहीत नसते. ब्लीचिंग पावडर व ॲसिड एकत्र झाल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो, हे तर दिवाळीच्या साफसफाईपूर्वी, म्हणजे याच तीन आठवड्यांत, घराघरांत पोचले पाहिजे. गुपित सांगितले तर गिऱ्हाईक स्वतःच काम करील, अशी धास्ती बाळगू नकोस. गच्चीवरच्या टाकीत उतरून गाळ उपसण्याची हौस फारशी कोणाला नसते.

एक गोष्ट मात्र कडकपणे बजावतो. तुझ्या मजकुरात ‘सर्व प्रकारच्या टाक्या’ असे शब्द आहेत. त्यात संडासाची टाकीही येते. अशा कामासाठी पुरेशा संरक्षण-साधनांवाचून माणूस आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने माणसे मेल्याच्या वार्ता तू वाचल्या असशीलच. ते शब्द आजच खोडून ‘पिण्याच्या पाण्याच्या टाक्या’ असे लिही. संडासाच्या टाकीसाठी आलेल्या गिऱ्हाइकाला ती यंत्राने उपसणाऱ्याचा पत्ता दे.

चित्रांवाचून तुझे चालणार नाही, हे मी जाणतो. म्हणून रविवारी इकडे ये. आमच्या गच्चीवरील टाकी गेल्या पावसाळ्यापूर्वीपासून उघडलेली नाही, तिच्यातील गाळाचे चित्र माझ्या नावानिशी खुशाल प्रसिद्ध कर, मोबदला मात्र नेहमीचाच घे. तुझी मामी म्हणते, टाकीला हरकत नाही, पण स्वयंपाकघराकडे फोन वळवायचा नाही.

तुझा,
मामा